सुतारांच्या बायकांनी ध्यान कशाला करायचं?

१५५९ साली स्पेनमध्ये बंदी घातलेल्या पुस्तकांची एक यादी निघाली. काढणारे होते इन्क्विझिशनचे, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचे प्रमुख आणि सेव्हिलचे आर्चबिशप फर्नांदो दे वाल्देस. यादीत पाखंडी पुस्तकं असणार हे उघडच होतं. पण प्रार्थना कशी करावी हे लोकांच्या भाषेत सांगणारी कॅथलिक पुस्तकंही तिच्यात होती. डॉमिनिकन संघाचे लुईस दे ग्रानादा यांचं प्रार्थनेवरचं पुस्तक त्यातलंच. लोक ते आवडीने वाचत होते. मग वाल्देस यांना ते खुपत का होतं? लुईस यांनीच एका पत्रात ते लिहून ठेवलंय: सुतारांच्या बायकांसाठी ध्यानाच्या गोष्टी लिहिणं त्यांना पसंत नव्हतं.

नाझरेथच्या एका सुताराची बायको, येशूची आई मरिया, त्या वेळी आर्चबिशपसाहेबांच्या ध्यानात आली नसावी. घडलेलं सगळं ती मनात जपून ठेवायची, असं लूकच्या शुभवर्तमानात तिच्याबद्दल दोनदा लिहिलंय.

वाल्देस यांचं वाक्य जुनं झालं म्हणून सोडून द्यावं, तर ते मला स्वतःला ऐकायला मिळालंय. जरा सौम्य आवाजात, एवढंच. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका धर्मगुरूंना विचारलं होतं की शब्द न उच्चारता, नुसतं देवासमोर बसून प्रार्थना कशी करायची, ते कुणी शिकवेल का? ते हसले. माणूस मायाळू होता, हेटाळणी अजिबात नव्हती. म्हणाले, “अगं, ते सिस्टरांचं काम. तुझ्यामागे घर आहे, नोकरी आहे. तू रोज रोझरीची जपमाळ म्हण, देवाला तेवढं पुरतं.” मी मान डोलावली आणि घरी आले. पण ते ‘पुरतं’ मनातून गेलं नाही. देवाला पुरत असेल. मला पुरत नव्हतं, म्हणून तर विचारायला गेले होते.

माझं म्हणणं साधं आहे. मुलांना ‘नमो मरिया’ शिकवतात, तितक्याच सहजपणे ध्यानप्रार्थना धर्मग्रामात, म्हणजे आपापल्या स्थानिक चर्चमध्ये, प्रापंचिकांना शिकवली गेली पाहिजे. ती मठवासीयांची मिरास नाही. हे मी बंडखोरीने म्हणत नाही, चर्च स्वतः कागदावर हेच म्हणतं. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली चर्चविषयीच्या दस्तऐवजात पावित्र्याचं पाचारण सगळ्यांना आहे, असं एक अख्खं प्रकरण खर्चून सांगितलं. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात प्रार्थनेचे तीन प्रकार दिलेत: वाचिक, मनन (विचार करत केलेली) आणि ध्यान (नुसतं देवासमोर असणं). तिसऱ्यापुढे ‘फक्त व्रतस्थांसाठी’ अशी पाटी नाही. उलट वेळ मिळाला तर करू अशी ही प्रार्थना नव्हे, तिच्यासाठी वेळ काढावा लागतो, असं तिथे बजावलंय. ज्याला वेळ काढावा लागतो त्यालाच हे सांगायची गरज पडते. मठात वेळ घंटाच काढून देते.

आणि तिथे उदाहरण कुणाचं घेतलंय? एका शेतकऱ्याचं. फ्रान्समधल्या आर्स गावी जॉन मेरी व्हियानी धर्मगुरू असतानाची ही गोष्ट, म्हणजे एकोणिसाव्या शतकातली. तो शेतकरी चर्चमध्ये येऊन पवित्र साक्रामेंतासमोर, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानल्या जाणाऱ्या भाकरीसमोर, नुसता बसायचा. काय करतोस, असं विचारल्यावर म्हणाला, “मी त्याच्याकडे बघतो, तो माझ्याकडे बघतो.” ध्यानाची याहून चांगली व्याख्या मला कुठल्या जाडजूड ग्रंथात सापडलेली नाही. यात समाधी लागणं नाही, प्रकाश दिसणं नाही, श्वासाचा हिशेब नाही. दोघं आहेत आणि बघणं आहे.

सोळाव्या शतकातली स्पेनची कार्मेलाइट संन्यासिनी, आविलाची तेरेजा, हिलाही तेच म्हणायचं होतं. जो आपल्यावर प्रेम करतो हे ठाऊक आहे, त्या मित्राशी वारंवार एकांतात बोलणं, म्हणजे प्रार्थना. १५५९ च्या यादीचा फटका या बाईलाही बसला. तिला लॅटिन येत नव्हतं, त्यामुळे बंदी आलेली काही आवडती पुस्तकं तिच्यापुरती कायमची गेली. तिला फार वाईट वाटलं. लॅटिन जाणणाऱ्या पुरुषांचं त्या बंदीने फारसं बिघडलं नाही. बंदी कागदावर पुस्तकांवर होती, बसली ती वाचणाऱ्या बायकांवर आणि कारागिरांवर. पुढे तेरेजाने स्वतःच लिहायला घेतलं, लोकांच्याच भाषेत. १९७० साली पोप सहावे पॉल यांनी तिला चर्चच्या आचार्यपदाचा मान दिला. असा मान मिळालेली ती पहिली स्त्री.

या तेरेजाबाईंचं मला सगळ्यात काय आवडतं, तर त्या खोटं बोलत नाहीत. आत्मचरित्रात त्या सांगतात, की कित्येक वर्षं प्रार्थनेला बसल्यावर त्यांचं लक्ष देवाकडे कमी आणि घड्याळाच्या टोल्याकडे जास्त असायचं. तास कधी संपतोय असं व्हायचं. हे एका संत स्त्रीचं बोलणं आहे. प्रार्थनेवरच्या प्रवचनांत हे कुणी का सांगत नाही? पाच मिनिटं बसलं की किराणा, मुलाची फी आणि कालचं भांडण डोक्यात नाचायला लागतं. मग माणूस ठरवतो, की आपला हा पिंडच नाही. त्याला घड्याळाची ही गोष्ट कुणी वेळेवर सांगितली असती, तर तो सहाव्या मिनिटाला उठला नसता.

आता वाल्देस यांची बाजू. ते खलनायक होते असं मानून मोकळं होणं सोपं आहे, पण त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. स्पेनमध्ये ‘आलुम्ब्रादोस’ म्हणजे ‘प्रकाशित’ म्हणवणाऱ्यांचे गट होते. आतून उजेड मिळाला, आता विधी आणि संस्कारांची गरज काय, अशा वळणावर त्यातले काही गेले होते. १५२५ साली तोलेदोत त्यांच्याविरुद्ध फर्मान निघालं. पुढच्या शतकात रोममध्ये मिगेल दे मोलिनोस यांनी इतक्या टोकाच्या निष्क्रियतेची शिकवण दिली, की आत्मा देवात स्वस्थ असला म्हणजे मोहाचा प्रतिकारही करायला नको, असं होऊन बसलं. १६८७ साली पोप अकरावे इनोसंट यांनी त्यांची ६८ विधानं धिक्कारली. आतल्या आवाजाच्या नावाखाली माणूस स्वतःला किती फसवू शकतो, हे पाहायला तेवढं लांब जायलाही नको. ‘देवाने मला सांगितलं’ हे वाक्य घरातल्या भांडणात वापरणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

पण या भीतीवर उपाय काय केला गेला? शिकवणंच बंद केलं. मोलिनोस प्रकरणानंतर पुढची दोनेक शतकं ध्यानाकडे संशयाने पाहिलं गेलं. ती दुर्मीळ, असामान्य देणगी मानून सामान्यांना मनन आणि नवेना (नऊ दिवसांची प्रार्थना) पुरे, असं चालत आलं. म्हणजे पोहताना कुणी बुडालं म्हणून पोहणं शिकवायचंच नाही. पाण्यात तर लोक उतरणारच. आज ते मोबाइलवरच्या अॅपचं बोट धरून उतरतात, कुठल्या तरी व्हिडिओतल्या मंद आवाजाचं बोट धरून उतरतात. तिथे धर्मगुरू नाही, अनुभवी सिस्टर नाही, आणि ‘बाई, हे तुझं मन बोलतंय, देव नव्हे’ असं तोंडावर सांगणारं कुणी नाही. फसगतीची भीती असेल, तर शिकवण्याची जबाबदारी वाढते.

आणि रोझरीला कमी लेखायचं नाही. त्या धर्मगुरूंचं निम्मं म्हणणं बरोबरच होतं. तेरेजाने एका वयस्क बाईबद्दल लिहिलंय: तिला तोंडाने म्हणायच्या प्रार्थनेपलीकडे काही जमत नसे, आणि त्याचं तिला दुःख होतं. तेरेजाने नीट चौकशी केली तर लक्षात आलं, की ‘आमच्या बापा’ म्हणता म्हणताच ही बाई गाढ ध्यानात पोचलेली आहे. ध्यानाशिवाय रोझरी म्हणजे आत्म्याविना शरीर, असं पोप सहावे पॉल यांनी १९७४ साली लिहिलं. म्हणजे जपमाळ हातात देऊन काम संपत नाही. मण्यांच्या मधल्या जागेत काय करायचं असतं, ते सांगावं लागतं.

आता दुसरा आक्षेप. तो मला पहिल्यापेक्षा जास्त सतावतो, कारण तो आपल्यातूनच येतो. “माझं काम हीच माझी प्रार्थना.” ऐकायला फार छान. बहुतेक वेळा याचा अर्थ एवढाच असतो, की मी प्रार्थना करत नाही.

या म्हणण्याला आधार म्हणून, मठवासीयांसाठी नियमावली लिहिणाऱ्या संत बेनेडिक्टचं ‘प्रार्थना करा आणि काम करा’ हे ब्रीद सांगतात. ते ब्रीद त्यांच्या नियमावलीत कुठेच नाही, नंतर कुणी तरी चिकटवलंय. नियमावलीत आहे ते वेगळं आणि जास्त कडक आहे. ४३व्या प्रकरणात म्हटलंय की प्रार्थनेची खूण ऐकू आली की हातातलं काम जसं असेल तसं टाकून निघा. आणि ३१व्या प्रकरणात कोठाराच्या कारभाऱ्याला सांगितलंय की मठातली सगळी भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी माना. दोन्ही वाक्यं बरोबरच वाचायची असतात. पळी आणि घागर पवित्र आहे. पण घंटा झाली की ती खाली ठेवायची.

दुसरा आधार ब्रदर लॉरेन्स यांचा. लॉरेन प्रांतातला हा माणूस आधी शिपाई होता. लढाईत जायबंदी होऊन लंगडा झाला आणि १६४० साली पॅरिसच्या कार्मेलाइट मठात दाखल झाला. तिथे त्याला स्वयंपाकघरात घातलं, आणि त्याला स्वयंपाकाचा मनापासून कंटाळा होता. त्याच खोलीत त्याने सुमारे १५ वर्षं काढली. कढईतलं आम्लेट मी देवाच्या प्रेमापोटी उलटतो, असं तो म्हणे. प्रार्थनेची ठरलेली वेळ आणि कामाची वेळ यांत आपल्याला फरक वाटत नाही, असंही म्हणे. हे वाक्य आपण झटकन उचलतो. मात्र सुरुवातीची दहा वर्षं मी फार सोसलं, असंही त्याने सांगून ठेवलंय. शिवाय तो राहत होता कार्मेलाइट मठात, जिथे सकाळ-संध्याकाळ मौनप्रार्थनेचा एकेक तास तेरेजाने घालून दिला होता. ते आम्लेट असं शिजलं होतं. आपण त्याचं शेवटचं वाक्य घेतो आणि दहा वर्षं सोडून देतो.

तरीही लॉरेन्सवर थोडं थांबायला हवं, कारण तो पुरोहित नव्हता, मठातला श्रमिक बंधू होता. ध्यानाच्या इतिहासात ज्याबद्दल आपण फार बोलत नाही, ती गोष्ट इथे आहे. शतकानुशतकं अनेक मठांमध्ये दोन वर्ग होते. एक गायनवृंदाचा: शिकलेला, लॅटिन स्तोत्रं म्हणणारा, स्त्रियांच्या मठात बहुधा हुंडा घेऊन आलेला. दुसरा श्रमिक बंधूंचा आणि भगिनींचा. ते स्वयंपाक करत, धुणी धूत, शेत सांभाळत. लॅटिन येत नसल्याने स्तोत्रांऐवजी ठरलेल्या संख्येने ‘आमच्या बापा’ म्हणत. एकीच्या ध्यानाचा वेळ दुसरीच्या हातांतून निघत होता. १९६५ साली व्हॅटिकन परिषदेने स्त्रियांच्या संघांत भगिनींचा एकच वर्ग असावा, असं सांगितलं. मठांत तो भेद मिटला, निदान नियमात. घरांत?

नवरा तीन दिवस मौनसाधनेला जातो, ताजातवाना होऊन येतो आणि देवाने आपल्याला किती शांती दिली ते सांगतो. त्या तीन दिवसांत मुलांचा अभ्यास, आजारी सासू, डबे, बिलं हे सगळं बायकोने उरकलेलं असतं. या घरात श्रमिक भगिनी कोण, ते विचारायला नको. ध्यान सगळ्यांसाठी आहे म्हणायचं आणि वेळ मात्र काही जणांनाच मिळू द्यायचा, हा ढोंगीपणा आहे. म्हणून प्रश्न नुसता शिकवण्याचा नाही, वेळ वाटून घेण्याचाही आहे. धर्मग्रामाने विवाहाच्या तयारी-वर्गात एक प्रश्न टाकावा: तुमच्यातला एक जण वीस मिनिटं दार लावून बसला, तर त्या वेळी रडणारं मूल कोण घेणार? आणि दुसऱ्या दिवशी अदलाबदल होणार का? परमार्थाची गोष्ट प्रपंचाच्या इतक्या खाली उतरली नाही, तर ती हवेतच राहते.

येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांना हे व्यवहारज्ञान होतं. त्यांच्या आध्यात्मिक साधनेला पोप तिसरे पॉल यांनी १५४८ साली मान्यता दिली. ती महिनाभर एकांतात करायची. पण सुरुवातीच्या सूचनांपैकी १९व्या सूचनेत त्यांनी कामाधंद्यात अडकलेल्यांसाठी वेगळी वाट ठेवली: घर सोडू नका, रोज दीड तास काढा, लागतील तितके दिवस लावा. आणि १६०९ साली फ्रान्सिस दि सेल्स यांनी तर प्रापंचिकांसाठी अख्खं पुस्तकच लिहिलं. कारागिराने दिवसभर व्रतस्थासारखं चर्चमध्ये बसून राहणं हास्यास्पद होईल, ज्याच्या त्याच्या संसाराला शोभेल अशी भक्ती हवी, असं त्यांनी स्पष्ट म्हटलंय. वाटा जुन्याच आहेत. पायाखाली नसल्यामुळे त्यांवर गवत उगवलंय.

तिसरी गोष्ट, जिच्याबद्दल माझं मत जरा तिखट आहे: शांतीचा बाजार. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या स्पेन्सर इथल्या ट्रॅपिस्ट मठात विल्यम मेनिंजर, बेसिल पेनिंग्टन आणि थॉमस कीटिंग यांनी दिवसातून दोनदा वीस मिनिटांची, एका पवित्र शब्दावर स्थिरावण्याची पद्धत घडवली. बेनेडिक्टच्या संघातले जॉन मेन यांनी ‘मारानाथा’ (‘प्रभू, ये’) हा शब्द घेऊन तसंच शिकवलं. या पद्धतींवर चर्चमध्ये टीका झाली, अजूनही होते. मला त्यांचे उपकार वाटतात. त्यांनी निदान शिकवलं तरी. खटकतं ते पुढचं. ताण कमी होतो, झोप लागते, कामात लक्ष लागतं, अशी जाहिरात सुरू झाली, की देव मागच्या बाकावर गेला. व्हॅटिकनच्या सिद्धान्त-कार्यालयाचे प्रमुख कार्डिनल रात्सिंगर यांच्या सहीने १५ ऑक्टोबर १९८९ रोजी, म्हणजे तेरेजाच्याच सणाला, ख्रिस्ती ध्यानाविषयी एक पत्र निघालं. काही शारीरिक साधनांनी आपोआप बरं वाटतं, शांत वाटतं. त्या वाटण्यालाच पवित्र आत्म्याचं सांत्वन समजणं ही चूक आहे, असं त्यात स्वच्छ म्हटलंय. मला ते पत्र काही ठिकाणी उगाच धास्तावलेलं वाटतं. इथे मात्र त्याने नेमकं बोट ठेवलंय.

कारण ध्यानाने शांत वाटेलच असं नाही. फ्रान्समधल्या लिझ्यूची संन्यासिनी, छोटी तेरेजा, प्रार्थनेत चक्क झोपून जायची. आयुष्याच्या शेवटच्या दीड वर्षात तर तिच्या श्रद्धेवर अंधार पसरला, तो १८९७ मध्ये ती गेली तोपर्यंत. तिने लिहिलेली एक बारीकशी गोष्ट मला तिच्या कुठल्याही वचनापेक्षा मोठी वाटते. प्रार्थनेच्या वेळी तिच्या मागे एक भगिनी बसायची आणि काही तरी विचित्र, बारीक आवाज करत राहायची, दोन शिंपले एकमेकांवर घासल्यासारखा. छोट्या तेरेजाला घाम फुटायचा. मागे वळून एकदा बघितलं असतं तर आवाज थांबला असता. ती वळली नाही. तो आवाज न ऐकण्याची धडपडही तिने सोडली, आणि संगीत ऐकावं तसा तो ऐकत बसली. त्या दिवशीचं तिचं ध्यान म्हणजे तेवढंच.

माझ्या घरी असा आवाज आईचा आहे. तिला आता फारसं आठवत नाही. पहाटे मी तिच्या पलंगाजवळच्या खुर्चीत बसते, कारण एकटी ठेवता येत नाही, आणि दिवसातली तेवढीच वेळ माझी असते. ती विचारते, “किती वाजले?” मी सांगते, साडेपाच. चार मिनिटांनी पुन्हा, “किती वाजले गं?” सुरुवातीला मी मनातल्या मनात चरफडायचे, देवापुढे बसलेय आणि ही मला बसू देत नाही. थोरल्या, म्हणजे आविलाच्या तेरेजाचा एक उतारा पुन्हा वाचनात आला तेव्हा वरमले. ध्यानाची गोडी जाईल म्हणून डोकं गच्च झाकून, हलायलाही न धजावणाऱ्या आपल्या बहिणींना ती झापते: देवाला कृती हवी आहे, आजारी माणसाला आराम देता येत असेल तर भक्ती सोडून उठा, ती गेली तरी खुशाल जाऊ दे. बेनेडिक्ट म्हणतात काम टाकून प्रार्थनेला या, तेरेजा म्हणते प्रार्थना टाकून रुग्णाकडे जा. दोघांपैकी एकाचंच ऐकलं तर मी आपल्याला हवं तेच करीन, हे मला आता कळतं. आईला मी वेळ सांगते. कधी आवाज चढतोही. त्या पहाटेची प्रार्थना कशी झाली, हे वेगळं तपासावं लागत नाही.

शिकवायचं कुठे, असं विचारलं जाईल. नवा वर्ग, नवी समिती, नवं सभागृह काही नको. मिस्साविधीच्या सर्वसाधारण सूचनांच्या ४५व्या परिच्छेदात शांततेच्या जागा आधीच ठरवून दिलेल्या आहेत: पश्चात्तापाच्या वेळी, ‘आपण प्रार्थना करू या’ म्हटल्यावर, वाचनं आणि प्रवचन झाल्यावर, आणि कम्युनियननंतर, म्हणजे पवित्र भाकरी घेतल्यावर. बोलावणं न करताही सगळा धर्मग्राम तिथे जमलेला असतो. धर्मगुरूंनी एका रविवारी एवढंच सांगावं, की आता पाच मिनिटं कुणी गाणार नाही, बोलणार नाही; आर्सच्या त्या शेतकऱ्यासारखं बसा. मुलं चुळबुळ करतील, कुणी खोकेल, पेटीवाल्याला अवघडल्यासारखं होईल. होऊ दे.

मागच्या रविवारी मी कम्युनियननंतर घड्याळ लावून बसले होते. एकेचाळीस सेकंदांनी माइक खरखरला आणि सूचना सुरू झाल्या. त्या एकेचाळीस सेकंदांत माझं सगळं लक्ष घड्याळाकडेच होतं, हेही सांगून टाकते.